विमान कुठवर आलं?

काका परदेशातून आजीला भेटायला निघाला आणि बाबांच्या अंगात वैमानिकच संचारला! सोफ्यावर पाय पसरून, मोबाइलवर विमानाचा नकाशा बघत ते जिन्याकडे तोंड करून ओरडले, "आई, तेरा हजार किलोमीटर! चेष्टा आहे का? समुद्र ओलांडला बघ!" जसं काही विमान तेच चालवत होते.

वरच्या खोलीत आजी आठवडाभर अंथरुणाला खिळलेली. मी तिचे केस विंचरत होते.

"आई, आता फक्त सहा तास! धीर धर गं!" खालून पुन्हा घोषणा झाली.

आजीने माझा हात धरला. "धाकटा येईल गं वेळेवर. तू जा आणि थोरल्याला विचार, तो तळमजल्यावरून कधी निघतोय?"