पत्रूभाऊनं न लावलेला दिवा

"आज दिवा लावू नको," पत्रूभाऊनं बहिणीला बजावलं.

कुंताच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. वैनगंगेतल्या त्या बेटावर गोंड राजांच्या वेळचा दगडी दीपस्तंभ. डोंग्यांना वाट दाखवणारा तो दिवा लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या पत्रूच्याच घराचा. बाकीची घरं कधीच काठावर गेली, हे एकच बेटाला चिकटून राहिलेलं. घरचा कर्ता पुरुष गेला तरच दिवा तेरा दिवस बंद, हे काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"भाऊ, जित्या माणसाचं सुतक पाळते का कोनी?"

"निकेशले दिसू दे. बाप मेला म्हणून तरी येईल."

निकेश त्याचा एकुलता एक. त्यानं जंगलातल्या गावची रीना बायको करून आणली, तेव्हा पत्रूच गरजला होता, "मी जिता आहो तोवर बेटावर पाय ठेवू नको." पोरगंही बापाचंच. गेलं ते गेलं. पलीकडच्या काठाला राहतो, एवढंच कानावर होतं. पत्रू आतल्या आत झुरत होता, पण माफी मागायची म्हटली की जीभ टाळूला चिकटायची. सोंगानं का होईना, पोराला एकदा पोटाशी धरायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी वरच्या धरणाची दारं उघडली. एरवी गुडघाभर पाण्यातून चालत यायची वाट बुडाली. मोबाईलचा टावरही गेला.

"आता तरी लावू दे दिवा," कुंता म्हणाली. "पोरगं तिकडं रडून राह्यलं असंल."

"रडू दे. पानी उतरलं का धावत येईल."

पाणी उतरायला पंधरवडा गेला. उतरलं, तरी कोणी आलं नाही. बाप मेला तरी ज्याला पाझर फुटत नाही, तो कसला लेक! पत्रू कडाकडा बोटं मोडत बसला. मग त्याचं त्यालाच वाटलं, हाकललं आपणच होतं की. आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी ताठा गिळून स्वतःच माफी मागायला निघाला.

काठावरच्या न्हाव्याला त्यानं निकेशचं घर विचारलं. न्हावी नवा होता, त्यानं काही पत्रूला ओळखलं नाही.

"निकेशचं? आता कुठचं घर, बाबा? बाप गेला न त्याचा. मीच मुंडन केलं. पुरातच इथी काठावर तेरवी आटोपली, अन बायकोले घेऊन तेलंगणात गेला कामाले."

"पानी उतरेपर्यंतही नाई थांबला?" पत्रूनं विचारलं.

"कोनासाठी थांबन? बापासाठीच तं इथी राहत होता. रोज सांजले काठावर येऊन बसे. समोर दिवा लागला का म्हणे, 'बाबा खुशाल आहे,' अन उठून घरी जाये."