आमची ही

विज्ञानकथालेखक शरच्चंद्र उकिडवे वारले त्याला दोन वर्षं झाली, पण त्यांचा ब्लॉग रोज सकाळी येतच होता. नामवंत विज्ञानकथाकारांच्या ब्लॉगांच्या ‘आवर्जून वाचा’ यादीत आज तो पहिला होता. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी चहा घेता घेता तो उघडला आणि कप बशीत आपटला. पहिलंच वाक्य होतं, ‘कुमुदिनीनं आज अळूचं फदफदं केलं.’

त्यांनी यंत्राकडून तो ब्लॉग लिहून घेणाऱ्या कंपनीला फोन लावला.

“ह्यांनी जन्मभर लिहिलं, पण माझं नाव कधी कागदावर आणलं नाही. ‘आमची ही’ म्हणायचे. तुमच्या यंत्राला एवढंही कळत नाही?”

“नावानं लिहिलं की तरुण वाचकांना आवडतं, काकू,” पलीकडून कंपनीतली मृण्मयी म्हणाली. “पण तुमची तक्रार लगेच सांगते त्याला.”

थोड्याच वेळात नवा मजकूर आला. ‘आमची ही आज माझ्यावर चिडली आहे. चूक माझीच आहे. मी तिची माफी मागतो.’ खाली वाचकांनी लाल बदामांच्या चिन्हांचा सडा घातला होता.

बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग परत फोन लावला.

“बंद करा तो ब्लॉग. आत्ताच्या आत्ता.”

“आता काय चुकलं, काकू?”

“ह्यांनी कधी माफी मागितली नाही. मागायची असती तर जिवंतपणी मागितली असती. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. ते परस्पर मिटवणारे तुम्ही कोण?”