आमेन तिचं

चर्चमध्ये कुणाला न सांगता म्हातारा शिंपी मेलेल्यांना बोलतं करणाऱ्या बाईकडे आला होता. पडद्याआडून हाक आली, “अहो, जेवायला बसा.” आवाज हुबेहूब त्याच्या बायकोचा. त्याचे हात सवयीने जुळले आणि तोंडून जेवणाआधीची प्रार्थना निघाली. घरी प्रार्थना त्याची, आमेन तिचं. तेही अर्ध्यातच, भाजी निवते म्हणून. इथे प्रार्थना संपली तरी पडदा गप्पच. “बोला ना, थांबलात का?” आवाजाने विचारलं. ‘आमेन म्हण,’ एवढं त्याने सुचवलं असतं तर पडद्याआडच्या बाईने ते म्हटलंही असतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. त्याने तो गिळला, चपला घातल्या आणि घर गाठलं. भाजी गरम करून ताट वाढलं, समोरची रिकामी खुर्ची सरळ केली. प्रार्थना म्हणून तो सवयीने थांबला. भाजी निवली. मग तोच म्हणाला, “आमेन.”