जावईबापूंचं यंत्र

"आता ॲसिड नको, बर्नर नको! धातू यंत्राखाली ठेवा, ते चुटकीसरशी कुंडली मांडतं आणि खोटं कधी बोलत नाही," रसायनतज्ज्ञ जावई छाती फुगवून म्हणाला. यंत्र घ्यायचं की परत पाठवायचं, हे ठरवणार होत्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई, म्हणजे त्याच्या सासूबाई. "बघू तर," म्हणत त्यांनी बांगडी काढून यंत्राखाली ठेवली. साठीनिमित्त त्यानेच दिलेली, "अस्सल सोन्याची". पडद्यावर उमटलं: सोनं नावापुरतं, बाकी पितळ. "यंत्र नवीन आहे हो, चुकतं कधीकधी," तो पुटपुटला. "मग परत पाठवा." "नको, नको! खात्रीचं सोनं तपासू!" त्याने घाईघाईने बोटातली अंगठी खाली सरकवली. लग्नात सासूबाईंनीच घातलेली. सोनं नावापुरतं, बाकी पितळ. सासूबाईंनी सावकाश चष्मा पुसला. "जावईबापू, यंत्र बिघडलेलंच दिसतंय." दोघांनी मिळून ते खोक्यात भरलं.