कंपनीच्या खोलीची किल्ली

फिटरची नोकरी गेली आणि महिन्याभरात कंपनीने दिलेली खोलीही सोडायची वेळ आली. चोवीस वर्षांचा संसार भरदुपारी एका टेम्पोत मावला. तरी बायको मोकळ्या खोलीची फरशी पुसतच होती.

“आता कुणासाठी गं?” त्याने चिडवलं.

“हाताला सवय, दुसरं काय!”

शेवटी त्याने कुलूप लावलं. किल्ली न्यायला आलेला कारकून ओशाळून हात पुढे करून उभा होता.

तेवढ्यात आत भांडी वाजली. कुणीतरी ताटं मांडत होतं.

“उंदीर असेल,” कारकून म्हणाला.

“आलात का?” आतून बायकोचा आवाज आला. “हात धुऊन घ्या, वाढतेय.”

फिटरने चमकून शेजारी पाहिलं. बायको तिथेच होती, ओठ घट्ट मिटून. तिने त्याचा दंड धरला.

“आलो गं,” आतून त्याचाच आवाज म्हणाला. पाळी संपवून घरी आल्यावर असायचा तसा, दमलेला पण खुशीतला.

कारकुनाने पुढे केलेला हात मागे घेतला.

बायकोने पदराने डोळे टिपले. “चला,” ती हळूच म्हणाली, “त्यांना निवांत जेवू द्या.”