उद्याचा धडा

कारखान्याचा भोंगा वाजला की दस्तगीरची सायकल थेट नाक्यावरच्या क्यारमकडं वळायची. उमेदीचं वय सोंगट्या टिपण्यात चाललं होतं. त्र्याहत्तर साली लग्न झालं, तरी सायकल तिकडंच. मग एकदा नवी नवरी जैतुन म्हणाली, "मला कुराणातलं यासीन शिकवा की. तुमी शहरातलं, तुमाला पाठ आसंल."

दस्तगीरला अरबीचं अलिफ-बेसुद्धा धड आठवत नव्हतं. पण नव्या बायकोला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवसापासून तो क्यारम सोडून गुपचूप मशिदीत मौलानांपुढं बसू लागला. दुपारनंतरची अस्रची नमाज पढायची, यासीनची एक आयत घोकायची आणि घरी येऊन मोठ्या तोऱ्यात जैतुनला शिकवायची. ती मान खाली घालून त्याच्यामागं म्हणायची.

एका संध्याकाळी साठाव्या आयतीवर तो अडखळला. कपाळ चोळलं, डोळे मिटले, काही केल्या आठवेना. चुलीपुढं भाकरी थापत जैतुननं ती आयत पुरी केली आणि त्याच नादात पुढच्या चारसुद्धा म्हणून टाकल्या.

दस्तगीर बघतच राहिला. "ह्या तर मी अजून शिकवल्याच न्हाईत!"

भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "मग उद्या शिकवा की."