इपानेमातला रविवार

रविवारी दोन बस बदलून जुसेलिया दोन्ही मुलींना घेऊन इपानेमाच्या किनाऱ्यावर आली. खुर्च्यांचं भाडं परवडणारं नव्हतं. तिनं वाळूवरच चादर अंथरली आणि घरून आणलेलं भात-कोंबडीचं पातेलं उघडलं.

शेजारच्या छत्रीखालची बाई कडाडली, "ए, उचल ते पातेलं! हा समुद्रकिनारा आहे, तुमची झोपडपट्टी नाही. कुठून कुठून येतात आणि घाण करून जातात!"

धाकटीचा घास हातातच राहिला. "आई, जाऊया का गं आपण?"

"कुठं जायचं नाही. जेव तू." जुसेलियानं गॉगल कपाळावर चढवला आणि ती त्या बाईकडे वळली.



"नऊ वर्षं माझ्या हातचं जेवताय, मॅडम, तरी तोंड ओळखता येईना? उद्यापासून तुमचं तुम्ही रांधा!"